साडेचारचं भोक

रीमर (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) अर्ध्या भोकात असताना लाईन गेली. रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. बसस्टँडच्या मागच्या त्या वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं : मी, माझा जुना विद्यार्थी (वर्कशॉप त्याचंच) आणि त्याच्याकडे शिकायला असलेला एक पोरगा. दिवसा लेथवर मोटारपंपाचे शाफ्ट आणि थ्रेशरचे रोलर चढलेले असतात, त्यामुळे माझ्या हौसेसाठी रात्रच मोकळी सापडायची.

अंधारात पोरानं मदत करायची म्हणून लेथचा चक, म्हणजे जॉब धरणारा जबडा, हातानं फिरवला. उलटा फिरवला. रीमर उलटा फिरला की त्याची धार भोकाच्या अंगात रुतते हे मी आयटीआयमध्ये 29 वर्षं पोरांना सांगत आलो, आणि माझ्याच जॉबवर ते घडलं. मोबाईलच्या उजेडात भोक पाहिलं तर आत सरळ रेघ पडली होती.

"सर, एवढ्याशा भोकासाठी रात्रीचे बारा वाजवून रायले तुमी," विद्यार्थी म्हणाला. "काहून पाह्यजे तुमाले हे?"

त्याला सांगायला सुरुवात केली ती तिथंच, अंधारात, लाईनची वाट पाहत. पोरीच्या एअर रायफलच्या छर्र्यांचा आणि त्या भोकाचा काय संबंध, तेच इथं सविस्तर लिहितो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, पुलगाव-आर्वीच्या पट्ट्यात. पुलगावला लष्कराचं देशातल्या मोठ्यांपैकी एक दारूगोळा भांडार आहे, आणि आमच्या तालुक्यात एअर रायफलचा एक धड छर्रा मिळत नाही. आधी याची कधी गरज पडली नव्हती. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, त्या दिवशी आमच्या धाकटीनं टीव्हीसमोरूनच जाहीर केलं की तिला रायफल शिकायची आहे. कोल्हापूरकडचा, शेतकऱ्याच्या वस्तीतून आलेला मुलगा असं करू शकतो तर मी का नाही, असा तिचा सरळ हिशेब. मी म्हटलं, बरं. पुढच्या दीड वर्षात त्या 'बरं'ची किंमत कळली.

तालुक्याच्या शाळेत 10 मीटरची छोटी रेंज आहे. तिथल्या प्रशिक्षकांनी तिला हातात घेतलं. वर्षभरानं एक जुनी, दाबलेल्या हवेवर चालणारी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, ओळखीतून घेतली. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. आमची तर 8 जूलच्या आसपासची. तरी गावाला याचं काय? ते पुढं येतंच.

घरी सरावासाठी जुना कोठा साफ केला. कोठ्याची लांबी भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेबारा मीटर निघाली. बैल विकल्यावर तो नुसता कुटाराला होता. लक्ष्याच्या मागं तिरपी लोखंडी पाटी बसवलेली पेटी, दाराला आतून कडी, आणि दार वाजलं की रायफल खाली, हा नियम.

10 मीटरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. पूर्वी नेमबाजाला छर्रा त्या ठिपक्याला शिवला तरी दहा मिळायचे आणि विषय संपायचा. आता दशांशात गुण देतात. एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. मध्यापासून पाव मिलिमीटरनं सरकलात की 10.9 चे 10.8. साठ गोळ्यांचा सामना, वरची मर्यादा 654. पोरगी 600 च्या पुढं जायला लागली आणि मग तिचा आणि माझा वाद सुरू झाला. ती म्हणायची, "बाबा, माझा हात बरोबर होता, छर्राच गेला तिकडं." नवशिक्या नेमबाजाचं हे पहिलं वाक्य असतं, हे तिच्या प्रशिक्षकांनी मला हसत सांगितलं होतं. मी पण हसलो. पण मी टर्नर, लेथवरचा माणूस. माझ्या हातातला मायक्रोमीटर मला गप्प बसू देईना.

सरावासाठी आम्ही साधे देशी छर्रे वापरत होतो. डबा उघडून शंभर छर्रे पांढऱ्या कापडावर पसरले. छर्रा म्हणजे शिशाची छोटी घागर : पुढं चपटं डोकं, मध्ये बारीक कंबर, मागं पोकळ घेर. डोकं नळीच्या आट्यांवर टेकतं, घेर हवेच्या दाबानं फुगतो आणि नळी बंद करतो. शंभरातले एकवीस घेर डोळ्यांना दिसण्याइतके चेपलेले होते. बाकीच्यांत डोकं कुणाचं 4.48, कुणाचं 4.53. तेही मायक्रोमीटरचा रॅचेट (टोकाची फिरकी) न फिरवता, नुसत्या बोटाच्या अंदाजानं. रॅचेट एकदा टकटक वाजला की शिसं दबलेलं असतं आणि मोजमाप खोटं.

वजनासाठी तालुक्याच्या सोनाराकडे गेलो. त्याच्याकडे मिलिग्रॅमचा काटा. त्याला वाटलं मी काही मोडायला आणलं. शंभर छर्रे एकेक करून तोलायला त्यानं दुकानातल्या पोराला बसवलं आणि स्वतः खर्रा चोळत बसला. मॅचचा छर्रा 0.53 ग्रॅमचा असतो. आमचे 0.50 पासून 0.56 पर्यंत फिरत होते. सोनार म्हणाला, "सर, सोन्यात एवढी तफावत आली तर माणूस मारामारीवर येते." तोलून झाल्यावर त्याच हातानं तो खर्रा तोंडात टाकायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. शिसं पोटात जायला वेळ लागत नाही. छर्रा आणि खर्रा एकाच हातात नको, हे वाक्य मी तेव्हापासून कोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय.

आता डायचं, म्हणजे नग दाबून एका मापाला आणणाऱ्या भोकाच्या साच्याचं, डोक्यात कसं आलं ते.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याला लांब पल्ल्याच्या रायफलचा नाद. तिकडे वापरलेल्या काडतुसाची पुंगळी पुन्हा भरून वापरायला मोकळीक आहे आणि हजारो लोक स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत हे करतात. आपल्याकडे काडतूस तयार करायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, त्यामुळे मी ते फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. एका रविवारी त्यानं मला प्रेसवर बसवलेली डाय दाखवली.

"मामाजी, तुमच्या कामाची गोष्ट आहे," तो म्हणाला. आणि होतीच.

गोळी सुटते तेव्हा पितळी पुंगळी आतल्या दाबानं फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलमध्ये काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला चिकटते. दाब गेला की पितळ किंचित मागं येतं, पण पहिल्याएवढं नाही. त्यामुळे पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंडाकडचं टोक, तेसुद्धा सैल झालेलं असतं. नवी गोळी तिच्यात ठेवली तर ती आत पडेल. मान पुन्हा आवळावी लागते. एक रस्ता म्हणजे पूर्ण डाय : सगळी पुंगळी, अंग आणि मान, मुळाच्या मापावर दाबायची. दुसरा रस्ता म्हणजे फक्त मान आवळायची डाय. अंगाला हात लावायचा नाही. अंगानं त्या रायफलच्या चेंबरचा आकार घेतलेला असतो, तो तसाच ठेवायचा. पितळावर ताण कमी, पुंगळी जास्त दिवस टिकते, आणि पुढच्या वेळी ती चेंबरमध्ये मोजून शिवलेल्या सदऱ्यासारखी बसते.

त्यानं आकडे दिले तेव्हा मी पेन घेतलं. त्याची .308 ची रायफल. गोळी भरलेल्या काडतुसाची मान बाहेरून .338 इंच. डायमध्ये बसवलेल्या कडीचं, म्हणजे बुशिंगचं भोक .336. म्हणजे दोन थाऊची पकड. आमच्या धंद्यात इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. दोन थाऊ म्हणजे 0.05 मिलिमीटर. बुशिंग एकेका थाऊच्या अंतरानं मिळतात, हवी तेवढी पकड ठेवायची. त्यानं डायमधला, मान आतून रुंद करणारा मणी काढून टाकला होता, कारण तो मानेतून मागं ओढला जाताना मान वाकडी करतो. हे ऐकून मला बरं वाटलं. लांब बारीक जॉबमधून काहीही ओढून काढलं की तो वाकतो, हे जगात सगळीकडे सारखं.

मग मी विचारलं, "अंग कधीच नाही दाबायचं?"

"तसं नाही मामाजी. चार-पाच वेळा झाली की पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसायला लागते, चेंबर बंद करणारा बोल्ट जड होतो. मग पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, एक-दोन थाऊ मागं सरकवावा लागतो. आजकाल बरेच चांगले नेमबाज सरळ दर वेळी पूर्ण डायच वापरतात, फक्त अगदी हलक्या हातानं."

म्हणजे नुसत्या मानेच्या डायचा एवढा बोलबाला, आणि तिचेच लोक अर्धे मागं फिरलेले. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती : एक भोक, ठरलेलं माप, आणि त्यातून प्रत्येक नग सारखा होऊन बाहेर. आमच्या छर्र्यांना हेच पाहिजे!

पुढचे दोन आठवडे डायच्या मागं गेले.

बारा मिलिमीटरचा सिल्व्हर स्टीलचा गज घेतला, 25 मिलिमीटर तुकडा कापला. बेत असा : 4.4 चं ड्रिल, मग 4.5 एच7 चा रीमर. एच7 म्हणजे भोक 4.500 ते 4.512 च्या मध्ये यायला हवं. तोंडाला टेपर पिनच्या रीमरनं एकास पन्नासचा उतार, म्हणजे छर्रा कडेला न अडता हळूच आत शिरेल. पितळी दट्ट्यानं मागून ढकलायचं, छर्रा डोकं पुढं करून आरपार.

पहिली डाय रेघेनं गेली, ती वर सांगितली. दुसरी आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे केली. रेघ नव्हती, पण भोकाचं तोंड 4.54 आणि शेवट 4.51. टेलस्टॉक, म्हणजे लेथचा रीमर धरणारा मागचा भाग, मध्यावरून सरकलेला. ज्या लेथवर दहा वर्षं मोटारीचे शाफ्ट बडवले जातात त्याचा टेलस्टॉक जागेवर असेल ही अपेक्षाच चुकीची होती. विद्यार्थी ओशाळला. मी त्याला म्हटलं, तुझी चूक नाही, मी आधी डायल लावून पाहायला हवं होतं. वर्गात असतो तर माझे दोन मार्क कापले असते.

तिसऱ्या डायला लेथवर फक्त ड्रिल केलं. रीमर हातानं, टॅप रेंचमध्ये धरून, भरपूर कटिंग ऑइल घालून, एकाच दिशेनं. बाहेर काढतानासुद्धा त्याच दिशेनं. मग पितळी सळईला चिरून त्यात बारीक एमरी अडकवून भोक उजळवलं. भोक मोजायला माझ्याकडे एवढा बारीक गेज नव्हता, म्हणून छर्र्यालाच गेज केलं : एक चेपका छर्रा ढकलला, बाहेर आल्यावर त्याचा घेर मोजला. 4.51. आणखी दहा ढकलले. सगळे 4.51. त्या दहा छर्र्यांची ओळ लेथच्या पाटीवर उभी केली तेव्हा आम्ही तिघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही. शिक्षक निवृत्त झाला तरी असं काही समोर उभं राहिलं की छाती फुगतेच.

इथं एक फरक लक्षात आला. पितळ आवळलं की थोडं परत फुगतं, म्हणून भाच्याला ते धरून माप ठेवावं लागतं. शिसं तसं करत नाही. भोक जेवढं, छर्रा तेवढाच. त्या बाबतीत माझं काम सोपं होतं.

दरम्यान गावात बातमी पोचली होती. पोलीस पाटील संध्याकाळी चहाला आले. आधी कपाशीचे भाव झाले, मग पाऊस झाला, मग म्हणाले, "सर, लोकं म्हणून रायले का तुमी रात्री गोया बनवता."

मी डाय त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी भोकातून खिडकीकडे पाहिलं, उलटं करून पाहिलं, फुंकर मारली. "शिट्टी हाय का हे?" मग त्यांना कोठ्यात नेलं, पोरीनं पाच गोळ्या मारून दाखवल्या. जाताना त्यांनी एक छिद्र पडलेला कागद घडी करून खिशात घातला. त्यानंतर गावात कुणी काही बोललं नाही.

आता चाचणी. हाताची चूक निघून जावी म्हणून रायफल लाकडी ठोकळ्यात रेतीच्या थैल्यांमध्ये बसवली. दहा-दहा गोळ्या, आणि सगळ्या छिद्रांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. एकच छिद्र पडलं तर ते साडेचार. त्याच्यावर जे काही, ती चूक.

साधे छर्रे, न आवळलेले : 9.8 मिलिमीटर. तेच छर्रे डायमधून काढलेले : 7.4. पोरगी उडी मारून उठली. मी लगेच भाच्याला फोटो पाठवला. रात्रभर मला झोप नाही.

दुसऱ्या दिवशी मी हावरेपणा केला. स्पर्धेसाठी ठेवलेला परदेशी मॅच छर्र्यांचा डबा होता, पाचशे नगांचा, दीड हजार रुपयांच्या आसपासचा. न आवळलेले दहा मारले : 6.0. मग वाटलं, साध्या छर्र्यात एवढा फरक, तर यात काय होईल! दहा डायमधून काढले. 7.1. पुन्हा दहा. 7.3. वाढलं होतं, कमी नव्हतं झालं. आणि छिद्रांचा पुंजका गोल नव्हता, उभा होता. डावी-उजवीकडे नीट, वर-खाली लांबलेला.

तो कागद घेऊन मी ओसरीवर बसलो. उभं लांबणं म्हणजे वेग कमी-जास्त. छर्रा साधारण 175 मीटर प्रतिसेकंदानं जातो. 10 मीटर पार करायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो, तेवढ्यात तो सोळा-सतरा मिलिमीटर खाली येतो. रायफलची नजर ते धरूनच लावलेली असते. पण एखादा छर्रा 3 मीटर प्रतिसेकंदानं मागं पडला तर तो आणखी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खाली जातो. दहाचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे दोन दशांश गेले, नेमबाजाचा काहीएक दोष नसताना.

आणि वेग का बदलला? कारण मी घेर आवळला. मॅचच्या छर्र्याचा घेर मुद्दाम रुंद असतो, हवा अडवायला. मी तो सारखा केला खरा, पण बारीक करून सारखा केला. काही छर्रे नळी नीट बंद करत होते, काहींच्या बाजूनं हवा सुटत असणार. वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे हा माझा निष्कर्ष कागदावरच्या छिद्रांवरून काढलेला. साध्या छर्र्यांत फायदा दिसला तो चेपलेले घेर पुन्हा गोल झाल्यामुळे. चांगल्या छर्र्यात गोल करायला काही नव्हतंच; मी चांगल्या माणसाला औषध पाजलं.

डोकं तर डायनं शिवलंच नव्हतं. 4.51 च्या भोकातून 4.49 चं डोकं जसंच्या तसं पलीकडे जातं. आणि नळी पकडते ती आधी डोक्याला.

प्रशिक्षकांना सगळं दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, .22 वाले काय करतात माहीत आहे? स्वप्नीलचा प्रकार .22 चा. त्या काडतुसाला दारू पेटवायचा मसाला बुडाच्या कडेत असतो, ते पुन्हा भरताच येत नाही. मानेची डाय नाही, काही नाही. ते एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटचे डबे घेतात, आपल्या रायफलमधून मारून पाहतात आणि जो लॉट बसला तो वर्षाचा भरून ठेवतात. तुम्हीही तेच करा. डोक्याच्या मापाचे डबे मिळतात, 4.49, 4.50, 4.51."

मी दोन आठवडे लेथवर घालवले होते. त्यांनी हे आधी का नाही सांगितलं, असं विचारणार होतो. मग आठवलं, मी त्यांना विचारलंच नव्हतं.

नागपूरच्या ओळखीच्या माणसाकडून पाच डबे मागवले, एकाच जातीचे, तीन मापांचे, वेगवेगळ्या लॉटचे. पैशाचं ऐकून पोरीच्या आईनं तूरडाळीचा डबा जरा जोरात ठेवला. रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, कोठ्यात चाचणी केली. प्रत्येक डब्यातले तीस. मी मारत गेलो, पोरगी मोजत आणि वहीत लिहीत गेली. 4.49 चे दोन्ही डबे 6.5 च्या आसपास. 4.51 चा 6.2. 4.50 चे दोन डबे, माप तेच, कंपनी तीच : एक 6.1, दुसरा 5.3. दुसऱ्याचे मी आणखी तीस मारले, विश्वास बसेना म्हणून. 5.4.

त्या दोन डब्यांतले छर्रे मी भिंगाखाली शेजारी ठेवून पाहिले, तोलले, मोजले. मला काहीही फरक दिसला नाही. नळीला दिसला.

डाय फेकली नाही. प्रवासात डबा आपटला की काही घेर चेपतात. सरावाचे तसे छर्रे तिच्यातून काढतो, स्पर्धेचे नाही, ते बाजूला टाकतो. परवा विद्यार्थ्यानं विचारलं, आणखी एक बनवू का, 4.53 ची, घेर कमी आवळेल अशी. मी म्हटलं, आधी तुझा टेलस्टॉक जाग्यावर आण.

पोरीनं वहीत शेवटी लिहिलंय : "4.50, दुसरा डबा, झाकणाच्या मागचा नंबर घेणे." नंबर घेतला. नागपूरला फोन केला. त्या लॉटचे सात डबे शिल्लक होते. सातही घेतले.